अक्कलदाढेवरची हिरडी सुजली तर: पहिल्या रात्रीपासून एक्स-रेपर्यंत

खालच्या जबड्यात सगळ्यात मागे दाढेचे एक-दोन उंचवटे हिरडीतून वर आलेले असतात, बाकीची दाढ अजून हिरडीखालीच. अशी अर्धवट आलेली अक्कलदाढ महिनोन्‌महिने गप्प बसते. मग एके दिवशी घास चावताना मागची हिरडी दाताखाली येते. संध्याकाळपर्यंत कानात कळ मारते, रात्री आवंढा गिळताना दुखतं आणि दुसऱ्या दिवशी तोंड पुरतं उघडत नाही. दवाखान्याच्या कागदावर याला पेरिकोरोनायटिस लिहितात. घरात मात्र ‘अक्कलदाढ येतेय, दुखणारच’ म्हणून विषय संपतो. दाढ वर येताना थोडं ठणकतं हे खरं, पण तोंड न उघडणं, घाण चव येणं, पू येणं हे ‘दाढ येणं’ नव्हे. हिरडीखाली अडकलेल्या घाणीने झालेला हा संसर्ग आहे. ती घाण धुऊन काढणं हा पहिला उपचार. अँटिबायोटिकचा नंबर त्यानंतर, आणि तोही दरवेळी लागत नाही.

नेमकं कुठे काय होतं

अक्कलदाढा साधारण 17 ते 25 या वयात येतात. तोवर जबड्यातली जागा बहुतेक संपलेली असते, त्यामुळे दाढ अर्ध्यात थांबते आणि तिच्या मागच्या भागावर हिरडीचा पदर तसाच राहतो. दंतवैद्य त्याला ऑपर्क्युलम किंवा नुसतं ‘फ्लॅप’ म्हणतात. हा पदर दाढेला चिकटलेला नसतो. दोघांच्या मध्ये एक खिसा तयार होतो आणि फोडणीतली मोहरी, शेंगदाण्याचं कूट, पेरूची बी, मेथीच्या पानाचा धागा असं काहीही त्यात जाऊन बसतं. चूळ भरून ते निघत नाही, ब्रश तिथे पोचत नाही. हवा न लागणाऱ्या अशा जागी ऑक्सिजनविना वाढणारे जंतू माजतात. तोंडाला येणारी कुजकट चव आणि वास त्यांचाच.

सूज आली की पदर फुगून वर येतो. मग वरची अक्कलदाढ तोंड मिटताना नेमकी त्यावर आदळते, त्याने पदर आणखी सुजतो, सुजला की आणखी चावला जातो. पुष्कळदा दुखण्याचा अर्धा भाग या चावण्याचाच असतो.

एक्स-रेत आडवी झोपलेली दाढ बघून माणूस घाबरतो. पण हाडात पूर्ण गाडलेली आणि तोंडाशी संबंध नसलेली दाढ या बाबतीत सहसा शांत असते. सरळ उभी, जवळजवळ पूर्ण आलेली, फक्त मागे थोडा पदर उरलेली साधीशी दिसणारी दाढच हा त्रास जास्त देते. सर्दी-खोकला, जागरण, परीक्षेचे दिवस अशा वेळी ती उचल खाते, कारण अंगाची प्रतिकारशक्ती थोडी उतरलेली असते आणि दात घासणंही उरकलेलं असतं.

आधी बघा, मग मोजा

आरशासमोर उभं राहून मोबाइलचा टॉर्च तोंडात पाडा आणि चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढा. खालच्या शेवटच्या दाढेमागे लाल, फुगलेली, चकाकणारी हिरडी दिसली, तिच्यावर वरच्या दाताचे ठसे दिसले आणि स्वच्छ बोटाने हलकं दाबल्यावर कडेने पिवळसर पाणी आलं, तर जवळपास खात्री धरा.

फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. गरम-गार लागल्यावर सणक जात असेल, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढत असेल, तर शेजारच्या दाढेला कीड लागलेली असू शकते. अर्धवट अक्कलदाढेला टेकून अन्न साचल्याने तिच्या पुढच्या दाढेची मागची बाजू किडणं हे नेहमीचं आहे. उलटा घोळही होतो. खिशातला पू गालाच्या आतल्या बाजूने पुढे सरकतो आणि पहिल्या मोठ्या दाढेजवळ गाठ धरतो. पेशंट त्या दाढेवर बोट ठेवतो, ती मात्र ठणठणीत असते.

गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्यांनी आणखी एक फरक ओळखावा. अक्कलदाढेमुळे तोंड आखडतं ते एक ते तीन दिवसांत, आणि एका बाजूला दुखत. सुपारीमुळे तोंड महिन्या-महिन्याने कमी उघडत जातं, तिखट झोंबतं, गालाच्या आत पांढुरके, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. तो सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे कॅन्सरकडे नेऊ शकणारा आजार. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी दोन्ही दुखणी एकाच तोंडात असलेले पेशंट येतातच. डॉक्टरांना खाण्याची सवय खरी सांगा. तोंड दीड बोट उघडत असेल तर दाढ काढण्याचं गणितच बदलतं.

आता मोजमाप. आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं जात असतील तर तोंड ठीक उघडतंय. दोनच जात असतील तर उद्या दंतवैद्याकडे जा. जेमतेम एक जात असेल तर आजच. ताप थर्मामीटरनेच मोजा. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तरी आजच. हे दोन आकडे लिहून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पुन्हा बघा. दुखणं गोळीने दबतं, बोटांचं माप गोळीने फारसं हलत नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

स्वतःची लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा किंवा तोंडात गरम बटाटा असल्यासारखा येतो, जिभेखालची जागा टणक होऊन जीभ वर ढकलली जाते, सूज जबड्याखाली मानेकडे उतरते, आडवं झाल्यावर श्वास लागतो: यातलं एकही असेल तर कोपऱ्यावरच्या दवाखान्याची वाट बघू नका. ओरल सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही 108 वर रुग्णवाहिका येते. खालच्या अक्कलदाढेच्या मागे-आत जबड्याचे स्नायू आहेत आणि त्यांच्या पोकळ्या थेट घशाच्या बाजूला जातात. पू तिकडे उतरला तर प्रश्न दाताचा राहत नाही, श्वासनलिकेचा होतो. वाटेत पेशंटला आडवं न झोपवता बसतं ठेवा.

मधुमेह ताब्यात नसलेले, किमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले यांनी एक पायरी आधीच पळावं. म्हणजे दोन बोटांनाच ‘आज’ समजावं.

पहिले दोन दिवस घरी

एक पेला, साधारण 200 ते 250 मिली, कोमट पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ. जास्त मिठाने जास्त गुण येत नाही, हिरडी मात्र चुरचुरते. आपल्याकडे ‘मिठाच्या गुळण्या’ सांगितल्या की लोक मान मागे टाकून घशात खुळखुळ करतात. ती घशाची गुळणी झाली. अक्कलदाढेला तिचा काही उपयोग नाही. इथे चूळ हवी. घोट तोंडात घ्या, मान दुखऱ्या बाजूला कलती करा, पाणी त्या कोपऱ्यात अर्धा मिनिट धरा, मग गालाने जोर देऊन हलवा आणि थुंका. पेला संपेपर्यंत. दर खाण्यानंतर आणि झोपताना, म्हणजे दिवसाला पाच-सहा वेळा.

चुळीने वरवरचं निघतं, खिसा धुवायला पिचकारी लागते. मेडिकलमधून 10 मिलीची सिरिंज आणा. सुई बसवायचीच नाही, ती पाकिटासकट बाजूला टाका. दंतवैद्याकडे बोथट, वाकड्या प्लास्टिकच्या तोंडाची सिरिंज मिळाली तर तीच सगळ्यात सोयीची. कोमट मिठाचं पाणी भरा, बेसिनवर पुढे वाका म्हणजे पाणी घशात जाऊन ठसका लागणार नाही. आरशात बघत सिरिंजचं टोक पदराच्या कडेशी, गालाच्या बाजूने आणा. टोक कडेला टेकवायचं, आत खुपसायचं नाही. दट्ट्या हळू आणि सलग दाबा. पाणी एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आलं पाहिजे. पहिल्या एक-दोन भरण्यांत दह्याच्या कवडीसारखे पांढरे कण, थोडं रक्त, नाक मुरडावं असा वास येतो. तेच काढायचं होतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा भरा. मग सिरिंज धुऊन वाळवा, आणि ती दुसऱ्या कुणी वापरू नये.

चुका दोन ठिकाणी होतात. टोकाने खिशाचं तोंड बंद करून जोरात दाबलं की पाण्याला बाहेर यायला वाट उरत नाही, घाण आणखी खोल जाते आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतात. दुसरी चूक हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजमध्ये भरण्याची. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारं सहसा 6 टक्क्यांचं असतं; ते तसंच लावलं तर हिरडी भाजते, आणि बंद जागी दाबून सोडलं तर त्याचा फेस मऊ मांसात शिरू शकतो. ते घरी नको.

क्लोरहेक्सिडीन माउथवॉश चालतो: 0.2 टक्क्यांचा असेल तर 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. पाणी मिसळायचं की नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. टूथपेस्टने दात घासल्यावर निदान अर्धा तास थांबा, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकांमुळे त्याचा असर कमी होतो. चूळ भरून लगेच चहा घेतला तर दातांवर तपकिरी डाग बसतात. काही दिवस जिभेची चव बिघडते, औषध थांबवल्यावर परत येते. दोन आठवड्यांच्या पुढे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका.

दुखलं म्हणून ब्रश थांबवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मऊ, लहान डोक्याचा ब्रश घ्या. लहान मुलांचा चालतो. आणि तोंड मोठं ‘आ’ करू नका. पूर्ण उघडल्यावर गाल ताणला जाऊन दाढेवर घट्ट बसतो आणि ब्रशला जागाच उरत नाही. तोंड निम्मं मिटलं की गाल सैल पडतो आणि ब्रशचं डोकं सरळ मागे सरकतं. ब्रश शेवटच्या दाढेच्या मागच्या कडेवर टेकवून जागच्या जागी हलवा. थोडं रक्त येईल, दोन-तीन दिवसांत कमी होतं.

वेदनेसाठी, दुसरा आजार नसलेल्या मोठ्या माणसाला, पॅरासिटामॉल 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, 24 तासांत 4 ग्रॅमच्या आत. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून बरंच कमी. सोबत आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम, जेवणानंतरच, दिवसातून तीनदापर्यंत. सुजेवर ही गोळी जास्त चालते. अल्सर, किडनीचा आजार, पेनकिलरने वाढणारा दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण आणि डेंग्यूचा संशय असेल तर आयब्युप्रोफेन घेऊ नका. पावसाळ्यात तापासोबत दाढ दुखतेय म्हणून ही गोळी घेण्याआधी दोनदा विचार करा. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरा.

खायला गुरगुट्या भात-वरण, मुगाची खिचडी, दहीभात, पेज, रव्याची खीर. चिवडा, फरसाण, भाजके शेंगदाणे, तिळाची चटणी हे दोन-चार दिवस बाजूला. तंबाखू, सिगारेट, मिश्री बंद. गावाकडे हिरडी दुखली की मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे, तिने जागा बधिर होते म्हणून बरं वाटतं.

लवंग तेलाचंही तसंच. त्यातल्या युजेनॉलने किडलेल्या दाताची कळ तात्पुरती कमी होते, पण सुजलेल्या हिरडीवर कापसाचा बोळा ठेवून झोपलं की सकाळी तिथे पांढरा भाजलेला चट्टा दिसतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरणं याचा परिणाम तोच. गालावर गरम शेक तर नकोच. आत पू असेल तर शेकाने रक्तप्रवाह आणि सूज वाढते. गारवा बरा वाटत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं ठेवा.

खुर्चीवर काय होतं

पहिल्या भेटीत डॉक्टर लगेच दाढ काढतात असं समजून लोक घाबरून येतच नाहीत. बहुतेक वेळा त्या दिवशी खिसा धुतात. गरज पडली तर जागा बधिर करून पदराखालचा खडा (दातावर साचून घट्ट झालेला थर) आणि घाण बारीक हत्याराने काढतात, सलाइन किंवा क्लोरहेक्सिडीनने धुतात, पू साठला असेल तर वाट करून देतात. वरची दाढ पदरावर चावत असेल तर तिचे उंचवटे थोडे घासतात. वरची अक्कलदाढ निकामीच असेल तर ती काढून टाकणं हाही चांगला मार्ग, कारण ती सहसा सहज निघते आणि चावण्याचं ते चक्र त्याच दिवशी थांबतं.

जाताना चालू औषधांची यादी न्या आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ती सांगा. मेडिकलवाल्याकडून आधी काय घेऊन झालंय तेही न लाजता सांगा, रिकामी पट्टी दाखवलीत तर उत्तम.

ताप, वाढती सूज, जबड्याखाली दुखरी गाठ, तोंड न उघडणं असं काही नसेल तर अँटिबायोटिकची गरज नसते. त्या बंद खिशात, अन्नाच्या कुजक्या गोळ्यात, औषध रक्तातून पुरेसं पोचतच नाही. नुसत्या गोळ्यांवर तीन दिवसांत बरं वाटतं, घाण तिथेच राहते आणि महिन्या-दीड महिन्याने तोच प्रकार पुन्हा. गरज असेल तेव्हा डॉक्टर बहुधा मेट्रोनिडाझोल किंवा अमॉक्सिसिलिन देतात. ब्रिटनमधल्या प्रघातात मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन दिवस असा छोटा कोर्स असतो. त्या काळात आणि संपल्यावर दोन दिवस दारू वर्ज्य. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेट्रोनिडाझोल रक्त जास्तच पातळ करतं, त्यामुळे ते सांगितलंच पाहिजे. तोंडाला धातूसारखी चव येते, ती अपेक्षित आहे.

दाढ ठेवायची की काढायची

हा निर्णय सूज उतरल्यावर. नेमकं तेव्हाच माणूस परत येत नाही, कारण दुखत नसतं. पहिल्या भेटीतच पुढची तारीख घेऊन ठेवा.

ओपीजी हा दोन्ही जबडे एका फिल्मवर दाखवणारा एक्स-रे काढतात. त्यात बघायचं ते असं: दाढेला वर यायला जागा आहे का, ती कुठे कलली आहे, पुढच्या दाढेला कीड लागली आहे का, आणि मुळं खालच्या नसेच्या नळीला किती जवळ आहेत. नळी आणि मुळं एकमेकांवर पडलेली दिसली तर सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन सांगतात. तो दरवेळी लागत नाही. का हवा, ते विचारा.

दाढ सरळ असेल, मागे पुरेशी जागा असेल आणि वरच्या दाढेशी नीट चावत असेल तर नुसता पदर कापून टाकता येतो. ऐकायला सोपं, पण मागे जागा कमी असेल तर पदर पुन्हा वाढतो. त्यामुळे ‘फक्त फ्लॅप काढा’ असा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2000 साली धरलेली रेषा व्यवहारात उपयोगी पडते: पहिलाच झटका असेल आणि फार तीव्र नसेल तर तेवढ्यासाठी दाढ काढू नये, दुसऱ्यांदा झाला तर काढण्याचा विचार करावा. म्हणून तारखा लिहून ठेवा. ‘मागे केव्हातरी झालं होतं’ यावर कुणालाच नीट ठरवता येत नाही.

काढायचीच असेल तर पंचविशीच्या आत हाड नरम असतं, मुळं कधीकधी पूर्ण तयार झालेली नसतात, जखम लवकर भरते. खालच्या ओठाची किंवा जिभेची एक बाजू काही आठवडे-महिने बधिर राहण्याची शक्यता असते, क्वचित कायमची. संमतिपत्रावर सही करण्याआधी आपल्या एक्स-रेवरून ती किती हे विचारा. काढल्यावर गॉज अर्धा-पाऊण तास दाबून धरा, 24 तास थुंकणं, चूळ, स्ट्रॉ बंद. दुखणं दोन दिवस कमी होत जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलेली असू शकते. सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं. परत जा, तिथे औषधी पट्टी ठेवतात.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढून ओरल सर्जरी विभागात जा. वेळ जातो, पण अशा दाढा तिथे रोजच काढल्या जातात.

दोन वेगळे प्रसंग

गरोदरपणात हिरड्या आधीच हुळहुळ्या असतात. धुणं, चूळ, पॅरासिटामॉल चालतं. दंतवैद्याला पहिल्या मिनिटाला सांगा. तातडीचा उपचार कुठल्याही महिन्यात करता येतो, पुढे ढकलता येण्याजोगा चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीचा.

सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांनाही हेच होतं. दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती आल्याचं कळतच नाही, आणि तिच्यावरचा पदर सुजतो. मूल त्या बाजूने खाणं सोडतं. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन, गाल बोटाने बाजूला करून ब्रश तुम्हीच मागेपर्यंत फिरवा. पॅरासिटामॉल वजनावर, किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. लवंग तेल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही नाही. दाढ पूर्ण वर आली की हा पदर आपोआप मागे सरतो. तोवर शेजारच्या दातांपेक्षा ती ठेंगणी असल्याने ब्रश तिच्यावरून अधांतरी जातो. म्हणून मागच्या कोपऱ्यात ब्रश गालाकडून आडवा घाला.